आधी उत्पन्नाचा कागद, मग समझोता

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगीबाबत एक निकाल दिला. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाचा. देशातल्या कुटुंब न्यायालयांत आज त्याचा हवाला दिला नाही असा दिवस जात नसेल, आणि वकील तो पक्षकारांच्या नुसत्या पहिल्या नावांनी ओळखतात. हा खटला मूळचा नागपूरचा. जानेवारी २०१३ मध्ये, मूल झाल्यावर थोड्याच दिवसांत, बायको सासर सोडून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने स्वतःसाठी आणि बाळासाठी अंतरिम पोटगी मागितली. कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला महिना १५ हजार आणि मुलाला आधी ५, पुढे १० हजार रुपये मंजूर केले. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे याचिका फेटाळली गेली, तेव्हा त्याने दिल्ली गाठली. मुख्य प्रकरण निकाली निघेपर्यंतची तात्पुरती सोय, एवढ्याचसाठी सात वर्षे गेली. असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा, असे कायद्यातच लिहिलेले असताना.

‘कोर्टाची पायरी चढू नका, घरातले घरात मिटवा’ असे सांगणाऱ्यांना याहून चांगला दाखला मिळणार नाही. त्यांचे म्हणणे खोटेही नाही. आपल्याकडे विदर्भात कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात, आणि ज्या घरात पेशी शिरली त्या घरातल्या रजा, बचत आणि झोप कशी संपते हे आपण सगळ्यांनी नात्यागोत्यात पाहिलेले आहे. पण त्याच निकालात पुढे काय आहे ते सहसा कोणी वाचत नाही. भांडण लांबले ते मध्यस्थ भेटला नाही म्हणून लांबले असे न्यायालय म्हणत नाही. बायका गरजा वाढवून सांगतात आणि नवरे कमाई लपवतात, या खेळात न्यायाधीशाला अंदाजाने आकडा लिहावा लागतो, असे त्याचे निदान आहे. उपाय त्याला धरूनच दिला. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनी आपापले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यायची. त्याचे नमुनेही निकालाला जोडले, शहरी माणसासाठी एक आणि शेतीवर जगणाऱ्यासाठी वेगळा. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून द्यायची, म्हणजे उशीर करण्यात कुणाचा फायदा राहत नाही.

माझे म्हणणे या निकालातून निघते. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हे तंटे कोर्टाबाहेर मिटावेत, जितके मिटतील तितके मिटावेत. पण जी शपथ न्यायालयाने आपल्या दारात सक्तीची केली, ती कोर्टाबाहेरच्या कुठल्याच बैठकीत कुणी मागत नाही. आणि ती मागितली जात नाही तोवर कोर्टाबाहेरचा समझोता म्हणजे ज्याला कमी ठाऊक आहे आणि ज्याला जास्त घाई आहे त्याच्या अंगावर टाकलेला तोटा असतो. बहुतेक वेळा ती व्यक्ती बायको असते. कधी कधी नवराही असतो, त्याकडे पुढे येतो.

आधी बैठक म्हणजे काय ते पाहू. नागपुरातल्या महालात असो, नंदनवनात असो की काटोल-नरखेडच्या एखाद्या वाड्यात, चित्र तेच. रविवार असतो. दोन्हीकडचे मामा-काका, सोयरीक जुळवणारा, समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष, एखादे निवृत्त गुरुजी किंवा नगरसेवक. ‘थोडं पोरीचं चुकलं, थोडं पोराचं चुकलं’ या वाक्याने सुरुवात होते, मग ते खरे असो वा नसो. जिच्याबद्दल सगळे चालले आहे ती बहुधा आतल्या खोलीत असते. तिचे म्हणणे तिचे वडील सांगतात, आणि वडिलांना धाकट्या मुलीच्या लग्नाची काळजी असते. शेवट दोनपैकी एक. ‘सहा महिने नांदवून पाहा’, नाहीतर ‘आता फारकत करून मोकळे व्हा’.

या बैठकांची टिंगल करण्यात मला रस नाही. त्यात खरेच जाणते लोक असतात, आणि चिडलेल्या दोन घरांना एका सतरंजीवर बसवणे कुठल्याही न्यायाधीशाला जमणार नाही इतके अवघड काम ते फुकट करतात. गडबड होते ती बैठकीच्या पोटात. तिथे मान कुणाचा राहिला याचा हिशोब होतो, पगाराचा होत नाही. ‘जावयाला पगार किती?’ हा प्रश्न लग्न जुळवताना बिनदिक्कत विचारणारे तेच सोयरे लग्न मोडताना तो विचारायला लाजतात. तिच्याच अंगावरचे सोने तिला परत देण्याची ‘तयारी’ सासरकडून दाखवली जाते आणि ती सवलत म्हणून तिच्या खात्यात जमा धरली जाते. वास्तविक स्त्रीधन पूर्णपणे तिचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. जे तिचेच आहे त्यावर घासाघीस कसली? माहेरून आलेले आंदण, कपाट, गाडी, भांडी यांचीही तीच गोष्ट.

मग कागद होतो. शंभराचा स्टॅम्प २०२४ मध्ये गेला आणि पाचशेचा आला, फारकतनाम्याचा मजकूर मात्र बदलला नाही. ‘आम्ही राजीखुशीने विभक्त होत असून यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही, दोघेही पुनर्विवाहास मोकळे.’ दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. हिंदू विवाह कायदा ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी, आणि दीक्षाभूमीच्या या शहरातल्या बौद्धांनाही तोच लागू आहे, हा कागद घटस्फोट ठरत नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना पुन्हा बजावले की विवाहाची किंवा घटस्फोटाची प्रतिज्ञापत्रे करणे तुमचे काम नाही. तरी कागद होतात, कारण त्यांना मागणी आहे. त्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते कायद्याने रद्दबातल, वर द्विविवाहाचा गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे बहुधा कळते ते पेन्शनच्या वेळी. रेल्वे, वीज मंडळ, कोळसा खाणी, आयुध निर्माणी, सरकारी कचेऱ्या यांवर जगणारे हे शहर आहे. नोकरीतला माणूस गेला की कार्यालय हुकूमनामा मागते. फारकतनामा तिथे चालत नाही, आणि दोन बायका, दोघींची मुले, एकच कुटुंबनिवृत्तिवेतन असा नवा खटला उभा राहतो. एक कोर्ट टाळायला केलेला कागद वीस वर्षांनी दुसऱ्या कोर्टात घेऊन जातो.

इथे एक फाटा आहे, तो विदर्भात तरी सोडून चालणार नाही. गोंड आणि इतर अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही. त्यांच्या पंचांपुढे रूढीप्रमाणे झालेली काडीमोड वैध असू शकते. इतर जातींतही रूढीने चालत आलेला घटस्फोट कायद्याच्या २९व्या कलमाने शाबूत ठेवला आहे, पण ती रूढी खरोखर आहे हे प्रत्येक वेळी पुराव्याने सिद्ध करावे लागते. मुस्लिम जोडप्यांना खुला आणि मुबारत यांतून परस्परसंमतीने कोर्टाबाहेर वेगळे होता येते. फक्त तोंडी तीन तलाक तेवढा २०१७ च्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने बाद झाला. म्हणजे एकाच मोहल्ल्यातल्या तीन घरांत तसाच कागद एका घरात कायदा असतो, एका घरात पुराव्यावर अवलंबून असतो आणि तिसऱ्या घरात रद्दी असतो. हे माहीत नसलेल्या मध्यस्थाने कागदाला हात लावू नये.

कोर्टाबाहेरचा घटस्फोट ही परदेशी टूम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे १९१६ चे चार खंड उघडावेत. जातीमागून जातीच्या वर्णनात घटस्फोट आहे, पुनर्विवाह आहे, आणि दोन्ही जातपंचायतीपुढे उरकले जातात. कोर्ट त्यात कुठेच नाही. ज्यांच्यात नव्हता ते वरच्या जातींचे लोक. मुंबई प्रांताने हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये दिला, बडोद्यात सयाजीरावांनी त्याच्याही आधी, १९३१ मध्ये. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात. त्यामुळे पुण्याच्या ब्राह्मण बाईला जे १९४७ मध्ये मिळाले त्यासाठी नागपूरच्या ब्राह्मण बाईला मे १९५५ पर्यंत थांबावे लागले, आणि तिच्याच वाड्यात धुणेभांडी करणाऱ्या बाईला ते पिढ्यान्‌पिढ्या होते. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्याच तुकड्यातून हा कायदा झाला.

पण त्या जुन्या व्यवस्थेकडे डोळे मिटून गहिवरण्याचे कारण नाही. त्याच खंडांत वारंवार येणारा तपशील असा, की सोडलेल्या बाईशी लग्न करणारा पहिल्या नवऱ्याला लग्नाचा खर्च भरून देई. व्यवहार दोन पुरुषांत आणि पंचांत होई, बाईच्या हाती त्यातले काही येत नसे. पंचांना दंड किंवा जेवण मिळे. जातपंचायतींचा जाच इतका टिकून राहिला की सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवायला महाराष्ट्राला २०१६ चा खास कायदा करावा लागला.

कोर्टाबाहेरच्या समझोत्याची मराठी मुलखातली सगळ्यात गाजलेली गोष्ट रखमाबाईंची आहे, फक्त ती तशी सांगितली जात नाही. राणी व्हिक्टोरियाने त्यांचा विवाह रद्द केला, असे आजही भाषणांत ऐकू येते. प्रत्यक्षात मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी ‘नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम दिला आणि जुलै १८८८ मध्ये प्रकरण रोख रकमेवर मिटले. त्यांचे नवरे दादाजी यांनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाई त्यामुळे विलायतेला जाऊन डॉक्टर होऊ शकल्या, तेव्हा समझोता वाईट म्हणता येत नाही. पण त्याने खटला संपला, विवाह संपला नाही. दादाजींनी लवकरच दुसरे लग्न केले. रखमाबाईंना तो रस्ता कायद्याने बंदच राहिला. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला लागू झाला आणि रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. आजच्या फारकतनाम्यातही हीच तफावत आहे. भांडण मिटते, नाते कायद्यात तसेच लोंबकळत राहते.

म्हणून ‘कोर्टाशिवाय घटस्फोट’ अशी पाटी लावणाऱ्यांबद्दल एवढेच सांगतो की ती पाटी खोटी आहे. सिद्ध होणारी रूढी नसेल तर हिंदू, बौद्ध, जैन, शीख जोडप्याला कोर्टाशिवाय घटस्फोट नाही. कमी कोर्ट मात्र आहे. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचे १३-ब कलम आले. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा येऊन ‘हो’ म्हणायचे. हे सहा महिनेही सक्तीचे नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये ठरवले. दीड वर्षाचे वेगळेपण झाले असेल, पोटगी-ताबा सगळे खरोखर मिटले असेल आणि समेटाचे प्रयत्न करून थकले असतील, तर न्यायाधीश मुदत माफ करू शकतात. म्हणजे कायद्याला कोर्टाबाहेरचा समझोता हवाच आहे, तो बक्षीसही देतो आहे. फक्त शेवटची सही स्वतःकडे ठेवतो. राष्ट्रीय लोकअदालतीत वैवाहिक तंटे घेतात, पण त्या यादीत ‘घटस्फोट वगळून’ असे शब्द असतात, त्याचे कारण हेच. मला ही व्यवस्था योग्य वाटते. हुकूमनाम्यापूर्वी न्यायाधीशासमोर दोघांना एकदा तरी स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते, आणि आतल्या खोलीतल्या बाईसाठी ती पहिली संधी असते.

आता सरकारी मध्यस्थीकडे. नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे, जिथे समुपदेशन, कायद्याची मदत आणि तक्रार एका छताखाली ठेवण्याचा प्रयत्न आहे. याची मुळे मुंबईत. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिला-मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि खाकी गणवेशाच्या शेजारी समाजकार्यकर्ती बसवली. पुढे राज्याने तो पसरवला. त्या कक्षाची शिस्त अशी की मारहाण हा वाटाघाटीचा मुद्दा होऊ शकत नाही; आधी ती थांबेल, मग इतर बोलणे. ही शिस्त जिथे सैल होते तिथे समुपदेशनाचा अर्थ ‘तिला समजावून परत पाठवणे’ एवढाच उरतो. असे समुपदेशन मोजायला सोपे असते, म्हणून ते वाढते. संसार किती जुळवले, याचे आकडे वर्षाअखेरीस वर्तमानपत्रात येतात. जुळलेल्या संसारातल्या किती जणी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसल्या, ते येत नाही.

आकड्याने काय होते ते आपण तंटामुक्तीत पाहिले आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालवली. कल्पना उत्तम होती, आणि कित्येक गावांत समित्यांनी पळून आलेल्या जोडप्यांची, आंतरजातीय सुद्धा, लग्ने लावून दिली ही गोष्ट विसरू नये. पण तंटे मिटवल्याचे गुण आणि गुणांवर गावाला बक्षिसाची रक्कम, असा हिशोब लावला की एखाद्या सुनेची तक्रार गावाच्या बक्षिसाच्या आड येते. मग तिच्यावर दबाव आणायला सासरची माणसे लागत नाहीत, सगळे गावच पुरते. मध्यस्थाला मिटवण्याचे गुण मिळू नयेत, हा माझा यावरून निघालेला आग्रह आहे. लोकअदालतीत ‘एका दिवसात इतकी प्रकरणे’ मोजली जातात त्यालाही तो लागू आहे.

न्यायालयाशी जोडलेली मध्यस्थी या सगळ्यांत बरी. न्या. रंजना देसाई यांनी लिहिलेल्या २२ फेब्रुवारी २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पोटगी, ताबा यांसारखे तंटे कुटुंब न्यायालयांनी मध्यस्थीकडे पाठवावेत आणि खटला दाखल होण्याआधीच मध्यस्थी करता येईल अशी सोय केंद्रांनी ठेवावी. कुटुंब न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यात तर समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, आणि वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क म्हणून दिलेलाच नाही. कल्पना अशी की माणसांनी आपापले बोलावे. पण वकील नाही आणि कागदही नाही, तर बोलणाऱ्यांत जास्त कमावणाराच जास्त बोलतो.

२०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा आला. तो एकदम लागू झालेला नाही, टप्प्याटप्प्याने होतो आहे. त्यात समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ दिले आहे, ही चांगली गोष्ट. पण असा समझोता आव्हान देऊन मोडायचा तर कारणे मोजकी: फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, किंवा तो विषयच मध्यस्थीला चालणारा नसणे. या यादीत दडपण नाही. ज्या देशात वडील म्हणतात ‘घे पोरी, धाकटीचं लग्न अडलंय’ आणि पोरगी सही करते, तिथे दडपण हे वाईट समझोत्याचे सगळ्यात नेहमीचे कारण आहे. कायद्याने ते ओळखले नाही. मग फसवणुकीचा दरवाजा तेवढा उरतो, आणि कमाई लपवली हे फसवणूक म्हणून सिद्ध करायचे तर कमाई शपथेवर लिहून घेतलेली असायला हवी. पुन्हा तोच कागद.

बाहेर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये खरोखर कोर्टाशिवाय घटस्फोट आहे. नवरा-बायको आणि दोन साक्षीदार यांनी सही केलेला अर्ज नगरपालिकेत दिला की झाले. दहांतले जवळपास नऊ घटस्फोट असेच होतात. आपल्या फारकतनाम्याला राजमान्यता दिली तर काय होईल, याचे उत्तर तिथे दिसते. तिथल्या एकट्या आयांपैकी तीनातल्या एकीलाही मुलांसाठी नियमित पैसे मिळत नाहीत, कारण सही करताना पुष्कळदा पैशांचे काही ठरलेच नव्हते. शेवटी मे २०२४ मध्ये त्यांनी कायदा बदलला आणि करार नसला तरी मुलाच्या पोषणाची किमान रक्कम मागता येईल अशी सोय केली. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये उलट वाट धरली. मुलांच्या प्रश्नावर कोर्टात जाण्याआधी मध्यस्थी सक्तीची, पण घरात मारहाण किंवा मुलांचा छळ असेल तर सूट. माझे मत ऑस्ट्रेलियाच्या बाजूने पडते, आणि तेही सक्तीपेक्षा त्या सवलतीमुळे.

नवऱ्यांची बाजू राहिली. ती खोटी नाही. पुण्यात किंवा बंगळूरूत नोकरी करणारा मुलगा, त्याचे नागपुरातले साठी-सत्तरीचे आईबाप आणि लग्न होऊन गेलेली बहीण, सगळ्यांची नावे छळाच्या एका तक्रारीत येतात आणि ‘इतके द्या, तक्रार मागे घेतो’ अशी बोलणी सुरू होतात. हेही दडपणच. सर्वोच्च न्यायालय स्वतः या प्रश्नावर हेलकावे खात आले आहे. २०१७ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत कुटुंब कल्याण समित्या नेमायला सांगितले, २०१८ मध्ये मोठ्या खंडपीठाने त्या रद्द केल्या. जुलै २०२५ मध्ये, अमरावतीचे आणि वकिलीत नागपूर खंडपीठात घडलेले तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या तशाच धाटणीच्या सूचना उचलून धरल्या. समिती नेमून हा गुंता सुटेल असे मला वाटत नाही. पैशांचा आकडा आधीच कागदावर, दोन्ही बाजूंच्या शपथेवर, असेल तर तक्रारीचा भाव ठरवण्याला जागा कमी राहते. प्रामाणिक नवऱ्यालाही त्या कागदाची गरज आहे. बायको नोकरी करते आणि ते लपवते, अशी प्रकरणे काही थोडी नाहीत. शिवाय समझोता झाला तरी छळाचा गुन्हा पोलीस ठाण्यात मिटत नाही; दोघांनी मिळून नागपूर खंडपीठाकडून तो रद्द करून घ्यावा लागतो. बैठकीत हे कोणी सांगत नाही आणि नवऱ्याकडची मंडळी पैसे देऊन मोकळी झालो असे समजतात.

या कागदात काय हवे? नोकरदाराची तीन महिन्यांची पगारपत्रके, तीन वर्षांची आयकर विवरणे, बँकेचे उतारे, भविष्यनिर्वाह निधी, कर्जाचे हप्ते. शेतकऱ्याचा सातबारा आणि आठ-अ. संत्र्याचा बाग वडिलांच्या नावावर असतो आणि पोरगा ‘माझ्या नावावर काहीच नाही’ म्हणतो, हे काटोल-वरूडकडच्या प्रत्येक वकिलाला पाठ आहे. म्हणून बाग कोण कसतो आणि माल विकल्याचे पैसे कोणाच्या खात्यात येतात, तेही लिहून घ्यावे. दुकानदारासाठी जीएसटीची विवरणे. बायकोचेही तेच सगळे, आणि वर स्त्रीधनाची यादी. मुलाच्या शाळेची फी, औषधे, आजी-आजोबांकडे राहण्याचे दिवस वेगळ्या पानावर. मुलाची पोटगी आईने ‘सोडून दिली’ असे लिहिले तरी मुलाचा हक्क सुटत नाही, तेव्हा ते वाक्य लिहूच नये. रक्कम हप्त्याने द्यायची असेल तर वकिलांत रुळलेली पद्धत बरी आहे. काही भाग पहिल्या अर्जाला, उरलेला शेवटच्या होकाराच्या दिवशी, न्यायाधीशासमोर. कारण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते.

एवढे कागद मागितले तर बैठकीचा जिव्हाळा जाईल, कोर्टच घरात आणल्यासारखे होईल, असा आक्षेप येईल. येऊ द्या. ज्या जिव्हाळ्याला पगारपत्रक सोसत नाही तो सात वर्षांची पेशी कशी सोसणार? कागदाने लाज वाटते ती पहिल्या दहा मिनिटांपुरती. त्यानंतर आवाज खाली येतात, कारण भांडायला आकडेच उरत नाहीत. मानापमान तेवढा उरतो, आणि तो सोडवण्यात आपले मामा-काका खरेच वाकबगार आहेत.

तेव्हा ज्यांना अशा बैठकीला जाणते म्हणून बोलावणे येते त्यांना विनंती. मुलीला बाहेर येऊन बसायला सांगा आणि ती स्वतः काय मागते ते तिच्या तोंडून ऐका. मारहाण झाली असेल तर नांदवण्याचा विषय काढू नका. सही करण्याआधी तिने स्वतःच्या वकिलाला भेटावे. पैशांची अडचण सांगू नका, कारण विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी जिल्हा न्यायालयातच आहे आणि १५१०० हा फोन आहे. मग दोन्हीकडच्यांना उत्पन्नाचे कागद मागा. ते आले नाहीत तर चहा घ्या आणि घरी या. त्या दिवशी काही ठरवू नका.